अक्षरालाही अंग असते

जोतिबाच्या डोंगरावर उभे राहिले की समोर पन्हाळगड दिसतो. वाडी रत्नागिरी हे जोतिबाचे गाव पन्हाळा तालुक्यातच येते. चैत्री पौर्णिमेला इथे गुलालाने सारा डोंगर गुलाबी होतो, गावोगावच्या सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'चा गजर होतो. आपल्यापैकी अनेकांनी ही यात्रा केलेली आहे. पण आज मला सांगायचे आहे ते यात्रेविषयी नाही, अक्षरांविषयी आहे. आणि गंमत अशी की, अक्षरांची ही हकीकतही याच दोन डोंगरांपासून सुरू करता येते.

जोतिबाचे आजचे देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधले. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १७२९ मध्ये, समोरच्या पन्हाळ्यावर एक मूल जन्माला आले होते. ते मूल म्हणजे पुढे आर्येसाठी प्रसिद्ध झालेले मोरोपंत. इकडे पाथरवटांच्या छिन्न्या दगडावर चालत होत्या आणि तिकडे पाळण्यात एक असा कारागीर वाढत होता, की ज्याने दगडाच्या जागी अक्षरे घेतली आणि ती आयुष्यभर घडवली, तासली आणि एकमेकांत बसवली.

आपण अक्षराकडे कसे पाहतो? गाडीकडे पाहतो तसे. गाडीतून गुळाच्या ढेपा आल्या, आपण त्या उतरवून घेतल्या, गाडी विसरलो. अर्थ हा माल आणि अक्षर ही गाडी. वर्गात आपण हेच शिकवतो: 'या कवितेचा अर्थ सांगा.' अर्थ सांगितला की काम संपले. पण जगात काही माणसे अशी होऊन गेली, की जी माल उतरवून घेतल्यावर गाडीपाशी थांबली. चाक कसे आहे, आरे किती, जू कुठे बसते, हे त्यांनी पाहिले. आणि त्यांच्या ध्यानात आले, की अक्षरालाही अंग असते. त्याला आवाज असतो, आकार असतो, वजन असते, पानावर त्याची एक जागा असते. अशा माणसांची ही गोष्ट आहे.

पहिला मान मोरोपंतांचा. त्यांनी १०८ रामायणे रचली असे आपण शाळेत ऐकतो आणि पुढे जातो. पण एकच कथा इतक्या वेळा सांगायची कशाला? कारण दरवेळी त्यांनी स्वतःला एक नवी अट घालून घेतली. 'परंतु रामायणा'त 'परंतु' हा शब्द पुन्हा पुन्हा गुंफला. 'मंत्र रामायणा'त रामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे रचनेत ओवली. आणि 'निरोष्ठ रामायणा'ची अट तर अशी, की ज्या अक्षराला ओठाला ओठ लागतो ते अक्षर वापरायचे नाही. प, फ, ब, भ, म ही सारी अक्षरे बाद!

या अटीचा परिणाम काय होतो ते पाहा. रामायण लिहायचे आणि 'राम' हा शब्दच लिहायचा नाही, कारण त्यात 'म' आहे. लक्ष्मण गेला, भरत गेला, बिभीषण गेला, हनुमानही गेला. दाशरथी म्हणता येईल, जानकी म्हणता येईल, लंका म्हणता येईल. शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग आपण वर्गात करून पाहा. मुलांना म्हणा, 'काल रात्री काय जेवलात ते ओठाला ओठ न लावता सांगा.' भाकरी म्हणता येत नाही, पिठलं म्हणता येत नाही, आमटी आणि भातही नाही. चटणी, ताक, दही एवढेच ताटात उरते! मुले हसतील, पण हसता हसता त्यांना कळेल, की शब्द तोंडात घडतो, त्याला ओठ लागतात, जीभ लागते, टाळू लागते. व्याकरणातला 'ओष्ठ्य वर्ण' हा पाठ मग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता इथून एक लांबची उडी घेतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत कलेचा एक पंथ निघाला. त्याला आपण संकल्पनेची कला म्हणू. या पंथाचे म्हणणे असे, की कलाकृतीचे मूळ हाताच्या कसबात नसून आधी मनात ठरवलेल्या कल्पनेत आहे, नियमात आहे. नियम पक्का ठरला, की कृती त्याच्यामागून चालत येते. सोल लुइट या अमेरिकन कलावंताने १९६७ मध्ये या विचारावर एक लेख लिहिला आणि १९६८ पासून भिंतींवरची चित्रे अशा तऱ्हेने केली, की तो फक्त सूचना लिहून देई आणि रेघा दुसरी माणसे ओढीत. हे आपल्याला विचित्र वाटेल. पण निरोष्ठ रामायण ज्याने ऐकले आहे त्याला तितके विचित्र वाटू नये. अट आधी, रचना मागून, हा क्रम पन्हाळ्याच्या या कवीला अठराव्या शतकातच ठाऊक होता.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. मोरोपंत हे आधुनिक कलावंत होते असे मला म्हणायचे नाही. त्यांची अट भक्तीसाठी होती. रामाचे नाव नाना तऱ्हांनी घ्यावे आणि आपले कसब देवाच्या पायी वाहावे, ही त्यांची भूमिका. लुइटला देव नको होता, कला म्हणजे काय हा प्रश्न हवा होता. हेतू निराळे, काळ निराळा. सारखेपणा आहे तो एवढाच, की दोघांनीही साधनाकडे पाहिले. इतिहास शिकताना सारखेपणा दिसला की आपण हुरळून जातो आणि 'हे सारे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणून मोकळे होतो. तसे करू नये.

अक्षराच्या अंगाबद्दल बोललो. आता पुस्तकाच्या अंगाकडे वळू. आपल्याकडे पुस्तक म्हणजे आधी पोथी होती. सुटी, आडवी पाने, वर-खाली फळ्या, भोवती रुमाल. ती मांडीवर नव्हे, चौरंगावर किंवा व्यासपीठावर ठेवायची, पान उलटायचे ते वरच्या बाजूला, आणि वाचायची ती चारचौघांत मोठ्याने. पोथीचा आकारच सांगतो, की हे एकट्याने गुपचूप वाचायचे पुस्तक नव्हे. कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजातले चित्रकथी तर चित्रांचीच पोथी बाळगतात. एकेक रंगवलेले पान पुढे धरायचे आणि वाद्याच्या साथीने कथा गायची. पान बदलले की प्रसंग बदलला. ज्याला एक अक्षरही वाचता येत नाही तोही ती पोथी 'वाचतो'. पुस्तकाचा आकार, पान उलटण्याची रीत आणि त्यातला मजकूर या तीन गोष्टी एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, हे या लोकांना कुणी शिकवावे लागले नव्हते.

मग छपाई आली, आणि इथे आपल्या मुलखाला एक मानाचे पान आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने एका तांबट कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे खोदण्याची विद्या मिळवली. नाना फडणिसांच्या मनात गीता छापवून घ्यायची होती. पुण्यात ते काम तडीस गेले नाही. पण मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी तो कारागीर आपल्याकडे नेला आणि १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. कोल्हापुरापासून मिरज ती किती लांब? आणि त्याच १८०५ साली, इथून शेकडो कोस दूर बंगालमधल्या श्रीरामपुरास, विल्यम कॅरी याचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले.

एकाच वर्षी दोन वाटा! मिरजेच्या वाटेने माणसाच्या हाताचे वळण जसेच्या तसे पत्र्यावर उतरत होते. संपूर्ण पान म्हणजे एक चित्र. श्रीरामपूरच्या वाटेने अक्षराचे तुकडे होत होते. प्रत्येक खिळा सुटा. जुळवा, छापा, मोडा, पुन्हा जुळवा. पहिली वाट सुंदर पण संथ आणि महाग. दुसरी झपाट्याची आणि स्वस्त. जिंकली अर्थातच दुसरी. मध्ये काही काळ शिळाप्रेसने पहिल्या वाटेला आधार दिला. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत दगडावरून मराठी पंचांग छापले. पण पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने, म्हणजे १८६९ नंतर, देवनागरी खिळ्यांचे असे देखणे रूप सिद्ध केले, की सुट्या खिळ्यांचेच राज्य कायम झाले.

या राज्याचे आपल्यावर केवढे उपकार आहेत हे सांगायला नको. वर्तमानपत्र आले, क्रमिक पुस्तक आले, ज्ञानेश्वरी घरोघर गेली. पण किंमतही मोजावी लागली. आपली लिपी तीन मजली. मधल्या मजल्यावर अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. शिवाय जोडाक्षरे. इंग्रजीला थोड्या खिळ्यांत भागते, आपल्याला खिळ्यांच्या कितीतरी पेट्या लागत. म्हणून 'यंत्राला सोसेल अशी लिपी करा' अशी मागणी पुढे आली. सावरकरांनी अ-च्या बाराखडीचा पुरस्कार केला, म्हणजे इ, उ, ए यांच्याऐवजी 'अ'लाच वेलांटी, उकार, मात्रा द्यायची. आणि आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या 'किर्लोस्कर' मासिकाने ती प्रत्यक्ष छापूनही दाखवली. जुन्या घरांत त्या काळातले अंक असतील तर मुलांना जरूर दाखवा. यंत्राने लिपीला वाकवायचे, की लिपीने यंत्राला, हा तो झगडा होता.

दुसरी किंमत अधिक सूक्ष्म होती. पान आता छापखान्यात ठरू लागले. कवीने कविता लिहायची, खिळेजुळाऱ्याने जुळवायची, प्रकाशकाने बांधायची. लिहिणाऱ्याचा पानावरचा ताबा गेला. छापावे की न छापावे हे ठरवणाराही तिसराच कुणीतरी.

हा ताबा परत मिळवण्याची धडपड जगभर झाली. फ्रान्समधल्या मालार्मे या कवीने १८९७ मध्ये एक दीर्घ कविता अशी छापवली, की शब्द लहानमोठ्या टाइपांत पानभर विखुरलेले आणि मध्ये मोठमोठ्या कोऱ्या जागा. कोरी जागा म्हणजे शांतता, हे त्याचे म्हणणे. आपल्या भजनात टाळ थांबतात तेव्हा तीही गाण्याचाच भाग असते, तसे समजा. अपोलिनेर या दुसऱ्या फ्रेंच कवीने, १९१८ मध्ये निघालेल्या संग्रहात, पावसाच्या कवितेच्या ओळी वरून खाली तिरप्या, पावसाच्या सरींसारख्या उतरवल्या. आणि १९६९ मध्ये बेल्जियमच्या मार्सेल ब्रोटर्स याने कमाल केली. त्याने मालार्मेचीच ती कविता पुन्हा काढली, पण प्रत्येक ओळीच्या जागी तेवढ्याच लांबीची काळी पट्टी छापली. वाचायला एकही शब्द नाही. उरला तो फक्त कवितेचा सांगाडा. माल सगळा उतरवला आणि नुसती गाडी दाखवली!

अमेरिकेत एड रुशे या तरुण चित्रकाराने १९६३ मध्ये एक छोटे पुस्तक काढले. त्यात काय? लॉस एंजेलिस ते ओक्लाहोमा या रस्त्यावरच्या २६ पेट्रोल पंपांचे साधे फोटो. प्रती ४००. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसने, ते ठेवून घ्यायचे नाकारले. तेव्हा या पठ्ठ्याने त्या नकाराचीच जाहिरात छापली. आज ते पुस्तक कलेच्या इतिहासात शिकवले जाते. चित्र भिंतीवर टांगून एका श्रीमंताला विकायचे, त्यापेक्षा पुस्तकच कलाकृती म्हणून करायचे आणि थोड्या पैशांत अनेकांच्या हाती द्यायचे, ही त्यामागची दृष्टी. याला 'कलावंताचे पुस्तक' म्हणतात. कलावंताविषयीचे पुस्तक नव्हे हं; कलावंताने केलेले, मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत ज्याचे सारे अंग त्याने ठरवले असे पुस्तक.

आता पुन्हा कोल्हापुरात येऊ. पन्हाळ्यावर मोरोपंत जन्मले त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १९३१ मध्ये, कोल्हापुरात अरुण कोलटकर यांचा जन्म झाला. राजाराम हायस्कुलात ते मराठीतून शिकले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले आणि पोटासाठी जाहिरातींचे रेखाटन करू लागले. त्या धंद्यात त्यांचे मोठे नाव झाले. म्हणजे एकाच माणसात कवी होता, चित्रकार होता आणि अक्षरे पानावर कशी बसवावीत हे रोज करणारा कारागीरही होता. असा योग क्वचित येतो.

१९५०च्या दशकाच्या मध्याला कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि त्यांचे मित्र यांनी 'शब्द' नावाचे एक छोटे नियतकालिक काढले, तेही सायक्लोस्टाइलवर. ज्यांनी पूर्वी शाळेत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढल्या आहेत त्या गुरुजींना हे यंत्र आठवेल. मेणाचा थर दिलेला एक पातळ कागद असे. त्यावर फीत काढलेल्या टाइपरायटरने अक्षरे उमटवायची किंवा टोकदार लेखणीने कोरायचे. जिथे मेण निघाले तिथून शाई झिरपायची आणि खालच्या कागदावर उमटायची. हाताला शाई, कपड्यांना शाई, अक्षरे कधी फिकट तर कधी ठिपका पडलेली. पण त्यासाठी छापखाना लागत नव्हता, भांडवल लागत नव्हते, कुणाची परवानगी लागत नव्हती. लिहिणाऱ्याचा ताबा लिहिणाऱ्याकडे परत आला तो असा, काळ्या हातांनी.

१९६०च्या दशकात अशी पुष्कळ पत्रे निघाली. अशोक शहाणे यांचे 'असो' हे त्यांतलेच एक. ठरलेल्या वेळी निघतीलच असा भरवसा नाही, म्हणून त्यांना मराठीत 'अनियतकालिके' असे नाव पडले. कधी अंक निघे, कधी पैसे संपले की बंद पडे. प्रतिष्ठित मासिकांना जी भाषा चालत नव्हती ती इथे चालली: गल्लीतली, चाळीतली, वाडीवस्तीवरची. राजा ढाले यांच्यासारखे तरुण याच धामधुमीत पुढे आले. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांनी दलित पँथरची स्थापना केली आणि त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. मला जे विशेष सांगायचे आहे ते हे: पान कसे दिसावे हा वरवर पाहता शोभेचा प्रश्न. पण तो धरून ओढला की त्याच्या पाठीमागून दुसरा प्रश्न येतो. छापायचा हक्क कुणाला? कुणाची बोली पानावर येणार आणि कुणाची उंबऱ्याबाहेर राहणार? जिथे पुस्तक करण्याचे साधन स्वस्त झाले, तिथे आजवर न ऐकलेली माणसे बोलू लागली.

१९७६ साली कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींनी मुंबईत 'क्लिअरिंग हाउस' नावाची आपली स्वतःचीच प्रकाशन संस्था उभारली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सोल लुइट, लूसी लिपार्ड आणि त्यांच्या मित्रांनी कलावंतांची पुस्तके काढण्यासाठी आणि विकण्यासाठी 'प्रिंटेड मॅटर' ही संस्था सुरू केली. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच वर्षी सारखेच काम निघावे, हा निव्वळ योगायोग असेल. पण दोन्हीकडची अडचण एकच होती आणि तिच्यावरचा इलाजही एकच.

क्लिअरिंग हाउसच्या पहिल्या पुस्तकांत कोलटकरांची 'जेजुरी' होती. ही इंग्रजी कवितामाला. तिला १९७७ मध्ये राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. आपला जोतिबा गुलालाचा, जेजुरीचा खंडोबा भंडाऱ्याचा. यात्रा, पायऱ्या, पुजारी, दगडांत शोधलेले देव हे सारे आपल्या ओळखीचे. या मालिकेत शेवटाकडे एक कविता आहे. देऊळ मागे टाकून माणूस रेल्वे स्टेशनकडे निघाला आहे. वाटेत ज्वारीच्या शेतात डझनभर कोंबडे-कोंबड्या उड्या मारताना दिसतात. काही वर, काही खाली, जणू सुगीचा नाच. आणि इथे कवी वर्णन थांबवतो. 'वर' आणि 'खाली' या अर्थाचे इंग्रजी शब्द तो पानभर उधळून देतो, कुठे वर, कुठे खाली, कुठे तिरपे. पान हेच शेत होते आणि शब्द हेच कोंबडे. देवळात जे चैतन्य त्याला सापडले की नाही याची शंका राहते, ते त्या शेतात उड्या मारते आहे. हे त्याने वाक्यात सांगितले असते तर उपदेश झाला असता. पानावर करून दाखवले म्हणून आपणच ते पाहतो.

याच कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये काढला. त्याचे नाव 'अरुण कोलटकरच्या कविता'. नीट ऐका: 'कोलटकर यांच्या' नव्हे, 'कोलटकरच्या'. कट्ट्यावर मित्राविषयी बोलावे तसे. पुस्तकाच्या नावापासूनच आदराची झूल उतरवली. २००४ मध्ये ते वारले आणि त्यांच्या 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

आता कुणी म्हणेल, 'अहो, ही सगळी करामत झाली. शब्द उधळले, पट्ट्या छापल्या, त्यात काव्य कुठे?' आक्षेप रास्त आहे, आणि तो नवाही नाही. मोरोपंतांनाही रसिकांनी हेच सुनावले, की तुमच्या रचनेत कसब फार आणि रस थोडा. सगळेच प्रयोग चांगले नसतात. पण परीक्षा करायची एक साधी रीत आहे. आकार काढून घ्या आणि काय हरवते ते पाहा. कोंबड्यांच्या कवितेतले शब्द एका ओळीत सरळ लिहून काढा, नाच संपतो. म्हणजे तो आकार कवितेचाच होता. पण काही कविता अशा असतात, की आकार काढला तरी काहीच बिघडत नाही. तिथे तो आकार म्हणजे लग्नाच्या मांडवाला लावलेली पताका; वारा आला की गेली.

आणखी एक अडचण आहे, आणि नभोवाणीसाठी लिहिणाऱ्याने ती सांगितलीच पाहिजे. निरोष्ठ रामायण ओठांसाठी आहे. ते नभोवाणीवरून अगदी सहज पोहोचते, ज्याला वाचता येत नाही त्यालाही. पण कोंबड्यांचा तो नाच मी कितीही कंठशोष केला तरी आपल्याला ऐकवू शकत नाही. तो डोळ्यांसाठी आहे. ज्याच्या हाती पुस्तक नाही, किंवा ज्याला अक्षर ओळखता येत नाही, तो बाहेरच राहतो. चारशे प्रतींचे पुस्तक कितीही थोर असले तरी खेड्यातल्या वाचनालयात ते यायचे कसे? कलावंताच्या पुस्तकाची ही मर्यादा आहे, ती झाकू नये. पिंगुळीच्या चित्रकथ्याची पोथी डोळ्यांना आणि कानांना एकदमच पोहोचत होती, हे या बाबतीत तिचे मोठेपण.

यंत्र आणि लिपी यांचा जो झगडा किर्लोस्करवाडीच्या काळात चालला होता, त्याचे पुढे काय झाले? त्याला उत्तर मिळाले ते एका अक्षरवेड्या माणसामुळे. र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार. त्यांनी जाहिरात क्षेत्रात काम केले, मुंबईच्या आयआयटीत शिकवले आणि मराठीत अक्षरांच्या चित्रकविताही केल्या. संगणक आला तेव्हा त्यांनी आग्रह धरला, की भारतीय लिप्यांना त्यांच्या वळणासकट यंत्रात जागा मिळाली पाहिजे. विंडोजच्या संगणकांवर वर्षानुवर्षे मराठीसाठी वापरला गेलेला 'मंगल' हा टंक त्यांनीच घडवलेला. २००८ मध्ये ते गेले. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर, शाळेच्या सूचनापत्रावर आपण जी अक्षरे पाहत आलो, त्यांतली कितीतरी या माणसाच्या हातची आहेत. अक्षरांशी खेळणाऱ्या माणसाचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर हे उदाहरण द्यावे. खेळता खेळता ज्याला अक्षराचे अंग कळले होते, तोच ते यंत्राला शिकवू शकला.

शेवटी आपल्या कामाची गोष्ट. कलावंताचे पुस्तक हे नाव परके वाटेल, पण वस्तू आपल्या घरचीच आहे. आपल्या शाळांत हस्तलिखित काढण्याची जुनी चाल आहे. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढीत. त्याच नादातून पुढे १९२८ मध्ये त्यांचे 'विद्यार्थी' मासिक निघाले. पण आज हस्तलिखित म्हणजे बहुधा सुवाच्य अक्षराच्या दोन मुलींनी इतरांचे निबंध उतरवून काढायचे आणि वर नक्षी काढायची, एवढेच उरले आहे. त्याला पुन्हा जीव आणता येईल.

एक कागद घ्या. लांबीला दोन आणि रुंदीला एक अशा तीन घड्या घालून त्याचे आठ चौकोन करा. कागद उघडून, मधल्या आडव्या घडीवरचे मधले दोन चौकोन तेवढे कात्रीने फाडा, आणि लांबीत दुमडून दोन्ही टोके एकमेकांकडे ढकला. आठ पानांचे पुस्तक तयार. डिंक नको, दोरा नको. एका मुलाला ते एक पुस्तक द्या आणि सांगा, की यात तुझ्या गावची एक गोष्ट घाल. विहिरीची गोष्ट असेल तर शब्द वरून खाली उतरू देत. जोतिबाच्या यात्रेची असेल तर सासनकाठीसारखी एकच ओळ पानभर उभी राहू दे. आजी बोलते तशीच तिची भाषा लिही. 'आलाय', 'गेलतो', 'काय करतंयस' हे शब्द लाल शाईने दुरुस्त होणार नाहीत असे त्याला आधीच सांगा. आणि पुस्तक पुरे झाले की ते वर्गात मोठ्याने वाचून घ्या, घरी आजीला वाचून दाखवायला लावा, म्हणजे ते डोळ्यांपुरते राहणार नाही.

यातून सगळेच कोलटकर होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. पण पुस्तक ही दूरच्या शहरातून छापून येणारी आणि आपण नुसती पाठ करायची वस्तू नसून आपल्या हाताने करता येणारी वस्तू आहे, एवढे ज्या मुलाला दहाव्या वर्षी कळले, ते मूल पुढे कुठल्याही छापील शब्दाला उगाच घाबरणार नाही. येत्या शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक तास यासाठी काढा. कागद एकच लागतो.